विश्लेषण : तीस वर्षे फादरविना! श्रीलंकेतील कॅथलिकांना सावरणारे गोव्याचे जोसेफ वाझ कोण होते?

दरवर्षी १६ जानेवारीला गोव्यातील सांकवाळ येथे संत जोसेफ वाझ यांचे फेस्त होते. गोव्यात त्यांना जुझे वाझ म्हणतात. वसईच्या धर्मग्रामांतही हे नाव अनोळखी नाही. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कोलंबोत संतपद बहाल केले, तेव्हा त्यांच्या मृत्यूला ३०४ वर्षे झाली होती. गोव्यात जन्मलेल्या या माणसाला श्रीलंकेचा प्रेषित का म्हणतात, याचे उत्तर चमत्कारांच्या गोष्टींपेक्षा एका अगदी व्यवहारी प्रश्नात सापडते. ज्या समाजाला पुढचा फादर कधी येईल, येईल की नाही, हेच ठाऊक नाही, तो समाज टिकवायचा कसा?

श्रीलंकेत नेमके काय घडले होते?

सोळाव्या शतकापासून श्रीलंकेच्या किनारपट्टीवर पोर्तुगीजांचा जम बसला होता. त्यांच्यासोबत फ्रान्सिस्कन, जेझुइट वगैरे धर्मगुरू आले आणि किनाऱ्यावरची हजारो कुटुंबे कॅथलिक झाली. पोर्तुगीजांना हुसकावण्यासाठी कँडीच्या राजाने डचांना मदतीला बोलावले. १६५६ मध्ये कोलंबो पडले, १६५८ मध्ये जाफना पडले. पोर्तुगीज गेले, पण डच काही परत गेले नाहीत. राजाच्या वाट्याला किनारा आलाच नाही.

डच ईस्ट इंडिया कंपनी व्यापारी असली तरी तिचा धर्म ठरलेला होता. ती प्रोटेस्टंटांच्या कॅल्विन पंथाची. त्यात कॅथलिक म्हणजे पोर्तुगीजांचे छुपे समर्थक, असा तिचा संशय. त्यामुळे कॅथलिक धर्मगुरूंना मुलखाबाहेर काढण्यात आले, त्यांना आसरा देणाऱ्यांवर कडक शिक्षेचा बडगा उगारला गेला आणि चर्च डच पंथाच्या ताब्यात गेली. बाप्तिस्मा आणि लग्न डचांच्या दप्तरी नोंदवणे भाग होते. नोंद नाही तर नोकरी नाही, वारसाहक्कातही अडचण. मग लोक दिवसा डचांच्या चर्चमध्ये जाऊन नाव नोंदवत आणि रात्री घरात जपमाळ ओढत. बाहेरून प्रोटेस्टंट, आतून कॅथलिक.

इथे कॅथलिक नसलेल्या वाचकांसाठी एक खुलासा हवा. प्रार्थना, उपास, जपमाळ हे घरी करता येते. अडचणीच्या वेळी बाप्तिस्माही कोणी सामान्य माणूस देऊ शकतो. पण मिस्सा आणि पापनिवेदन धर्मगुरूशिवाय होत नाही, आणि मरणाऱ्याच्या कपाळाला तेल लावायलाही धर्मगुरूच लागतो. म्हणजे फादर नसणे ही एखादी गैरसोय नव्हती, धर्माचा गाभाच हातातून निसटलेला होता. जाफना पडले त्या वर्षी जन्मलेली मुलगी १६८७ मध्ये २९ वर्षांची, दोन-चार लेकरांची आई झालेली असणार. तिने डच मुलखात मोकळेपणी फिरणारा फादर कधी पाहिलाच नव्हता. फादर येतील, असे तिला तिच्या आईने सांगितले असेल आणि तिनेही ते आपल्या मुलांना सांगितले असेल, एवढेच.

जोसेफ वाझ कुठून आले?

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीत, आजोळी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ, आई मारिया द मिरांडा. वाझ कुटुंब सांकवाळचे. दोन्ही गावे गोव्याच्या साष्टी भागातली (ठाण्याजवळची साष्टी वेगळी). घराणे मूळचे गौड सारस्वत ब्राह्मण, तीन-चार पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. शिक्षण सांकवाळ आणि बाणावलीत सुरू झाले, पुढे जुन्या गोव्यात जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात आणि नंतर डॉमिनिकनांच्या अकादमीत. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले. दीक्षा मिळाल्यावर त्यांनी पायातली पादत्राणे सोडली आणि गरिबांप्रमाणे अनवाणी चालू लागले. १६७७ मध्ये त्यांनी स्वतःला मारियेचा दास म्हणून अर्पण करणारा लेख लिहून दिला. तो गोव्यातील कॅथलिकांना आजही माहीत असतो.

त्या काळच्या गोव्यात स्थानिक माणसाने फादर होणे याला मर्यादा होत्या. युरोपीय संन्यासी संघांची दारे गोमंतकीयांना बंद होती. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन यांच्याकडे शिकता येत असे, त्यांच्यात सामील होता येत नसे. गोमंतकीय फादर बहुधा गोऱ्या फादरचा मदतनीस म्हणून दिवस काढी. मान नाही, संघ नाही, मिशनवर पाठवणारे कोणी नाही. वाझ याच कोंडीतले होते.

पण गोष्टीला दुसरी बाजूही आहे. डच जे श्रीलंकेत कॅथलिकांशी करत होते, तशाच सक्तीचा अनुभव याच साष्टीतल्या हिंदूंनी शंभर वर्षांपूर्वी पोर्तुगीजांच्या हातून घेतला होता. देवळे पाडली गेली होती, देव रातोरात खाडीपलीकडे हलवावे लागले होते. श्रीलंकेतही पोर्तुगीजांनी मंदिरे सोडली नव्हती. वाझ यांच्या चरित्रांत हे फारसे येत नाही. ते लक्षात ठेवले तर पुढे एका बौद्ध राजाने या कॅथलिक फादरला दिलेल्या आसऱ्याचे मोल अधिक कळते.

लगेच श्रीलंकेला का गेले नाहीत?

श्रीलंकेतील कॅथलिकांची दशा कानावर आली तेव्हाच त्यांनी तिकडे जाण्याची परवानगी मागितली. गोव्याच्या चर्चने त्यांना १६८१ मध्ये पाठवले ते कानडा मुलखात. मंगळूर, बसरूर, गंगोळी, कल्याणपूर हा किनारा तेव्हा केळदीच्या नायकांच्या राज्यात होता आणि तिथल्या चर्चमध्ये वेगळाच गोंधळ माजला होता. पोर्तुगालच्या राजाला मिळालेला जुना धार्मिक अधिकार एकीकडे, रोमने थेट नेमलेला बिशप दुसरीकडे. दोघे एकमेकांना मानायला तयार नाहीत. कोणत्या फादरने लावलेले लग्न खरे, या प्रश्नाने साधी माणसे गोंधळून गेली होती. वाझ तिथे तीन वर्षे राहिले. पडकी चर्च उभी केली, शाळा काढल्या, गावोगाव चालत फिरले, भांडणात तेल ओतले नाही.

१६८४ मध्ये ते गोव्यात परतले. श्रीलंकेची परवानगी अजूनही नव्हती. जुन्या गोव्यातील एका टेकडीवर काही गोमंतकीय फादर एकत्र राहून प्रार्थना करत होते. १६८५ मध्ये वाझ त्यांच्यात सामील झाले आणि त्यांचे प्रमुख निवडले गेले. रोममधील फिलिप नेरी यांच्या ओरेटरीचे नियम या मंडळाने स्वीकारले. भारतीयांनी, भारतीयांसाठी उभारलेला हा पहिला कॅथलिक धर्मगुरू संघ मानला जातो. त्याचे दार ब्राह्मण कुळातून आलेल्यांनाच उघडे होते, हा त्यातला दोष. युरोपीयांनी ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी पुन्हा आपल्यातल्या काहींना बाहेर ठेवले.

तरीही हा संघ नसता तर पुढचे काही घडले नसते. एकटा फादर श्रीलंकेत जाऊन मेला असता, तर त्याची जागा घ्यायला दुसरा पाठवणार कोण? वाझ यांनी आधी मागे उभे राहणारे घर बांधले आणि मग प्रस्थान ठेवले. कामाला लागण्याची घाई असताना पाच वर्षे थांबावे लागले, त्यातली शेवटची दोन या घरात गेली. मला तर ती सर्वांत उपयोगी पडलेली वर्षे वाटतात.

श्रीलंकेत शिरले कसे?

१६८६ मध्ये ते गोव्याहून निघाले. किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे जात तुतिकोरीनला पोहोचले. झगा केव्हाच उतरवला होता. अंगावर हमालाचे कपडे. शेवटी समुद्र ओलांडला तो दोघांनीच, वाझ आणि त्यांच्या घरचा सेवक जुआंव. १६८७ मध्ये ते वादळात सापडत मन्नारच्या बाजूला उतरले आणि तिथून जाफन्याला गेले. वाझ यांना जुलाबांनी इतके घेरले होते की उभे राहवत नव्हते. एका बाईने पेज पाजली म्हणून ते वाचले, असे चरित्रकार सांगतात.

इथे त्यांचा सावळा रंग कामी आला. गोरा फादर डच पहाऱ्यातून दोन दिवसही सुटला नसता. अनवाणी, फाटक्या कपड्यांतल्या या गोमंतकीयाकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नव्हते. युरोपीय संघांनी ज्याला कमी लेखले, तेच त्याच्या संरक्षणाचे साधन झाले.

पण आता कॅथलिक शोधायचे कसे? विचारायची सोय नाही. चुकीच्या माणसाला विचारले तर तुरुंग. वाझ यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागायला सुरुवात केली. भिकारी म्हणून दारात उभे राहायचे आणि समोरच्याची नजर जपमाळेवर कशी पडते ते पाहायचे. बहुतेक जण भीक घालत किंवा हाकलून देत. एखाद्याची नजर मात्र माळेवर अडकून राही. अशा एका घरात ओळख पटली, त्याने दुसऱ्याला सांगितले आणि कुजबुज पसरली. फादर आले आहेत.

जाफन्याजवळच्या सिल्लालई गावात त्यांना ठाव मिळाला. तिथले लोक कॅथलिक होते आणि एकमेकांना धरून होते. दोन वर्षांहून अधिक काळ ते हेच त्यांचे ठाणे. मिस्सा रात्री व्हायची, उजाडायच्या आत सगळे आवरायचे. एका रात्री एक गाव, दुसऱ्या रात्री दुसरे. तमिळ शिकत शिकत पापनिवेदने ऐकायची. तीस वर्षे साठलेले लोक एकेक करून येत होते.

डचांना सुगावा लागला. नाताळच्या रात्री जमलेल्यांवर छापा पडला, अनेकांना पकडून नेले, काहींना फटके बसले. फादर मात्र सापडले नाहीत. हा प्रसंग वाझ यांच्या शौर्याचा म्हणून सांगितला जातो; मार मात्र गावकऱ्यांनी खाल्ला. इथून पुढे त्यांनी जी घडी बसवली, तिच्यामागे या रात्रीचा धडा असावा, असे वाटते. एका माणसाभोवती सगळे गोळा झाले की तो माणूस आणि ते सगळेच धोक्यात येतात.

कँडीच्या राजाने कैदेत का टाकले?

१६९० मध्ये वाझ डच हद्दीतून निसटून पुत्तलमला गेले. हा भाग कँडीच्या राजाकडे होता. तिथेही कॅथलिक होते, तिथेही फादर नव्हते. दोन वर्षांनी, १६९२ मध्ये, ते थेट राजधानी कँडीकडे निघाले. पण त्यांच्या आधी त्यांची कागाळी राजदरबारी पोहोचली होती. एका फ्रेंच प्रोटेस्टंटाने राजाचे कान भरले की हा पोर्तुगीजांचा हेर आहे. परक्यांना अडकवून ठेवणे कँडीला नवे नव्हते. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी याच राज्यात १९ वर्षे अडकून पडला होता. वाझ यांना सोबत्यांसह कैद झाली.

सुरुवातीला कडक पहारा होता, हळूहळू तो सैल झाला. पळून जात नाहीत असे दिसल्यावर पहारेकऱ्यांनी त्यांना आवारात मोकळे सोडले. वाझ यांनी त्या दिवसांत दोन गोष्टी केल्या. ते सिंहली शिकले आणि आवारात एक खोपटे बांधून त्यात वेदी मांडली. कँडीतल्या कॅथलिकांना आपला फादर कुठे आहे हे कळले होते. ते तिथे येऊ लागले. राजा विमलधर्मसूर्य दुसरा हे सगळे पाहत होता. हेर म्हणून पकडलेला माणूस काही मागत नाही, कोणाला चिठ्ठ्या पाठवत नाही, आजाऱ्यांजवळ बसतो, एवढेच त्याला दिसत होते.

पाऊस पाडला म्हणतात, ते खरे का?

१६९६ मध्ये कँडीत दुष्काळ पडला. बौद्ध भिक्खूंच्या प्रार्थना झाल्या, पाऊस आला नाही. राजाने वाझ यांना सांगितले. त्यांनी चौकात वेदी मांडली, क्रूस उभा केला, प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला. सगळे भिजले, वेदी आणि फादर कोरडे राहिले, अशी आख्यायिका आहे. श्रद्धाळूंसाठी तो चमत्कार आहे, इतरांनी ती कथा म्हणून घ्यावी. तिचा परिणाम मात्र इतिहासात नोंदलेला आहे. राजाने त्यांना राज्यभर फिरण्याची आणि उपदेश करण्याची मुभा दिली. बंदीवान आता राजाश्रयाखाली आला.

मुभा मिळताच त्यांनी पहिली वाट धरली ती डच मुलखाची. कोलंबोत वेष पालटून शिरले आणि तिथल्या कॅथलिकांना भेटून परत आले.

१६९७ मध्ये गोव्याच्या ओरेटरीतून तीन फादर येऊन पोहोचले. एकट्याने काढलेल्या दहा वर्षांनंतरचे हे पहिले सोबती, त्यातले जोसेफ कार्व्हालो त्यांचेच नातलग. कोचीच्या बिशपांनी वाझ यांना श्रीलंकेचे व्हिकार जनरल नेमल्याची बातमी त्यांनीच आणली. त्याच सुमारास कँडीत देवीची साथ आली. राजा आणि दरबारी शहर सोडून गेले. नातलग आजाऱ्यांना रानात टाकून पळाले. वाझ आणि कार्व्हालो यांनी त्यांच्यासाठी झोपड्या उभारल्या, अन्नपाणी पोहोचवले, जखमा धुतल्या, मेलेल्यांना पुरले. रुग्ण कोणत्या धर्माचा, हे त्यांनी पाहिले नाही. पावसाने जे मिळाले होते, ते या साथीनंतर पक्के झाले. पुढे १६९९ च्या आसपास भिक्खूंच्या तक्रारीवरून कार्व्हालोंना राज्याबाहेर काढण्यात आले होते. तेव्हा वाझ त्यांना सोबत घेऊनच कँडीत परतले आणि काम पुन्हा मार्गी लागले.

फादर नसताना मंडळी चालायची कशी?

वाझ यांचे सर्वांत टिकाऊ काम हेच. हिशेब साधा होता. बेट मोठे, गावे विखुरलेली, फादर आधी एक, मग चार, मग थोडे अधिक. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत, साखरशेतसारख्या गावातून भर पावसात पायी निघणाऱ्याला अशा प्रवासाची कल्पना वेगळी द्यायला नको. त्यात रस्त्यावर डच चौक्या. कितीही चालले तरी एका गावाच्या वाट्याला फादर वर्षातून एकदा-दोनदाच येणार. उरलेले अकरा महिने काय?

त्यासाठी प्रत्येक गावात जबाबदारी गावातल्याच माणसांवर टाकली गेली. समाजाचा वडीलधारा प्रमुख, त्याला मुप्पू म्हणत. प्रार्थना सांगणारा, मुलांना धर्मशिक्षण देणारा, तो अन्नावी. रविवारी अन्नावी लोकांना जमवी, प्रार्थना म्हणून घेई, संतांची चरित्रे वाचून दाखवी. मरणाऱ्याजवळ बसून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणून घेणे हेही त्याचेच काम. तातडीच्या वेळी बाळाला बाप्तिस्मा तोच देई. मुप्पू भांडणे मिटवी, गरिबांकडे पाही, फादर येणार असल्याची वर्दी फिरवी आणि तयारी ठेवी. कोणाचे बाप्तिस्मे राहिले आहेत, कोणाची लग्ने अडली आहेत, कोण आजारी आहे, ही यादी तयार असे. फादर रात्री पोहोचले की काम सुरू, पहाटे पुढच्या गावाला रवाना.

आज कोणालाही हे स्वाभाविक वाटेल. त्या काळच्या चर्चमध्ये ते तसे नव्हते. युरोपात सामान्य भाविकाचे काम ऐकण्याचे होते, चालवण्याचे नव्हते. इथे मात्र शेतकरी आणि कोळी उपासना चालवत होते. फादर हा पाहुणा आणि गाव हे घर, अशी उलटापालट झाली. अर्थात अन्नावीने मिस्सा करायची नाही, ही रेघ वाझ यांनी कधी पुसली नाही. लोकांनी वाटच पाहायची, पण रिकाम्या हाताने नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थना पाठ करून टिकणार नाहीत, हे वाझ यांनी ओळखले होते. त्यांनी पोर्तुगीज पुस्तकांची सिंहली भाषांतरे हाती घेतली. १७०५ मध्ये नवे फादर आले, त्यांत दिवाडी बेटावरचे जाकोम गोन्साल्विस होते. वाझ यांनी त्यांना लेखनाच्या कामाला लावले. गोन्साल्विस यांनी सिंहली आणि तमिळमध्ये इतके लिहिले की सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या एका प्रमुख ग्रंथाचे नाव देव वेद पुराणय. मराठी वाचकाला इथे फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण आठवेल. ते १६१६ मध्ये साष्टीतल्याच रायतूर येथे छापले गेले होते. ख्रिस्ताची कथा पुराणाच्या साच्यात सांगण्याची ही चाल दोन्हीकडे दिसते.

नव्या फादरांच्या बळावर वाझ यांनी बेटाचे आठ विभाग केले आणि प्रत्येक विभाग एकेका फादरकडे सोपवला. पोपच्या एका दूताने त्यांना बिशपपदाचा मान देऊ केला होता, तो त्यांनी नाकारला. बिशप झाले असते तर अनवाणी फिरणे संपले असते.

अखेर कशी झाली?

१७०७ मध्ये विमलधर्मसूर्य वारले. नवा राजा वीर नरेंद्रसिंह यांनीही आसरा कायम ठेवला. वाझ आता थकले होते. १७१० मध्ये प्रकृती खालावली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांचे निधन झाले, वय ५९. श्रीलंकेत त्यांची सुमारे २४ वर्षे गेली. गोव्याला ते एकदाही परतले नाहीत. त्यांच्या पश्चात बेटावर सुमारे ७० हजार कॅथलिक होते, असा आकडा चर्चच्या इतिहासात दिला जातो.

मात्र वाट पाहण्याचा काळ त्यांच्या मृत्यूने संपला नाही. डच मुलखातील बंदी तशीच होती. १७४० च्या दशकात कँडीतही वारे फिरले. नव्या राजाच्या कारकिर्दीत कॅथलिकांवर संकट आले, फादरांना बाहेर पडावे लागले. आता वाझ नव्हते, राजाश्रय नव्हता. अन्नावी आणि मुप्पू होते, गोन्साल्विस यांची पुस्तके होती आणि गोव्याच्या ओरेटरीतून एकामागून एक येत राहिलेले फादर होते. १७९६ मध्ये डच गेले आणि इंग्रज आले. १८०६ मध्ये गव्हर्नर थॉमस मेटलंड यांनी कॅथलिकांवरील निर्बंध उठवले. जाफना पडल्यापासून १४८ वर्षे झाली होती. ज्या ओरेटरीने ही शिबंदी पुरवली, ती पुढे १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारच्याच धर्मसंघबंदीत बंद पडली.

वसईची आठवण इथे येणे साहजिक आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, पण तिथला ख्रिस्ती समाज राहिला. तिथेही पुढची सेवा मुख्यतः गोव्याकडच्या देशी फादरांनी केली. मराठ्यांनी डचांसारखी बंदी घातली नाही, हा मोठा फरक. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

संतपदाला तीन शतके का लागली?

चौकशीला सुरुवात मृत्यूनंतर दोन वर्षांतच, १७१३ मध्ये झाली होती. ती कोचीच्या बिशपांनी केली. पण पाठपुरावा करणारा संघच पुढे राहिला नाही. विसाव्या शतकात गोवा आणि श्रीलंका या दोन्ही बाजूंनी पुन्हा प्रयत्न झाले. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर त्यांना धन्य घोषित केले. संत ठरवण्यासाठी सहसा आणखी एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. पोप फ्रान्सिस यांनी ती अट बाजूला ठेवली आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच मैदानावर त्यांना संत जाहीर केले. श्रीलंकेतील यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम सहा वर्षे होत होती. तमिळ आणि सिंहली या दोन्ही भाषांत प्रार्थना शिकवणारा फादर त्या दोन्ही समाजांतील कॅथलिकांना आपला वाटावा, यात नवल नव्हते.

सांकवाळला त्यांच्या नावाचे तीर्थस्थान आहे आणि जानेवारीत नोव्हेनाचे नऊ दिवस तिथे रीघ असते. कँडीत ते पुरले गेले ते चर्च केव्हाच नाहीसे झाले. त्यांची कबर नेमकी कुठे, हे आज कोणालाही दाखवता येत नाही.